ब्रह्मदेशांतील सदतीस वर्षें

ता. १९ फेब्रुवारी १८१२ रोजीं अमेरिकेंतील सेलम बंदरांतून ‘कॅरव्हॅन’ नांवाचें जहाज हिंदुस्थानाकडे निघालें. त्यांत दोन तरुण मिशनरी जोडपीं होतीं. एक अडोनिरम जडसन व त्याची पत्नी अ‍ॅन. दुसरें सॅम्युएल न्यूएल व त्याची पत्नी हॅरिएट. हॅरिएट पुढें मॉरिशस बेटावर, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं वारली. यांच्याच बरोबर दीक्षा घेतलेला गॉर्डन हॉल दुसऱ्या जहाजानें निघून १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस पोहोंचला, व मागाहून न्यूएलहि त्यास येऊन मिळाला. मराठी मुलुखांतील अमेरिकन मिशनचा आरंभ तो हाच. जडसनची वाट मात्र निराळी झाली. कंपनी सरकारनें आपल्या मुलुखांत राहूं न दिल्यामुळें तो १३ जुलै १८१३ रोजीं ब्रह्मदेशांत, रंगून बंदरीं उतरला.

मिशनरी म्हटला कीं चवाठ्यावर उपदेश करणारा मनुष्य डोळ्यांपुढें येतो. जडसनचीं पहिलीं वर्षें एखाद्या विद्यार्थ्यासारखीं गेलीं. त्याच्या पंतोजीस इंग्रजीचें अक्षरहि ठाऊक नव्हतें. शिष्यानें वस्तूकडे बोट दाखवावें आणि गुरूनें तिचें नांव सांगावें, असा तो पाठ चाले. ताडपत्रावरील ब्रह्मी लिपींत शब्दाशब्दांत अंतर सोडलेलें नसे. त्यामुळें एक शब्द कोठें संपतो हेंच प्रथम उमगत नसे. बाजारहाट व नोकरचाकर अ‍ॅनकडे असल्यानें बोलण्यांत तीच पतीच्या पुढें गेली. याच काळांत, १८१६ सालीं, त्यांचा पहिला मुलगा तान्हेपणींच दगावला. त्याच वर्षीं श्रीरामपूरहून एक छापखाना मात्र आला.

१८१९ च्या एप्रिलांत जडसननें रस्त्याच्या कडेला एक ‘जयात’ उभारला. जयात म्हणजे वाटसरूंनीं टेकावें व चार गोष्टी ऐकाव्यात असा उघडा मंडप, आपल्याकडील धर्मशाळेचेंच धाकटें भावंड. तेथें येणाऱ्यांपैकीं मौंग नॉ नांवाच्या गृहस्थानें २७ जून १८१९ रोजीं बाप्तिस्मा घेतला. सहा वर्षांच्या श्रमांचें फळ म्हणजे हा एक मनुष्य! लोकांना राजाच्या रोषाचें भय होतें, व तें अकारण नव्हतें. १८२० च्या आरंभीं जडसननें दरबारीं जाऊन धर्माची मोकळीक मागितली. राजा बाग्यिडॉनें अर्ज ऐकून घेतला, परंतु पुढें केलेली धर्मपुस्तिका जमिनीवर टाकून दिली. तरीहि १८२३ सालीं नव्या कराराचें भाषांतर पुरें झालें.

पुढच्याच वर्षीं इंग्रजांचें व ब्रह्मी राजाचें युद्ध जुंपलें. ८ जून १८२४ रोजीं जडसनला हेर समजून आव्याच्या तुरुंगांत टाकण्यांत आलें. पायांत बेड्यांचे तीन जोड. रात्रीं पायांमधून बांबू घालून तो वर ओढीत. अ‍ॅन रोज अन्न पोहोंचवी, अधिकाऱ्यांचीं मनें वळवी. भाषांतराचें हस्तलिखित तिनें प्रथम जमिनींत पुरलें. पण ओलीनें तें कुजेल म्हणून कापसांत घालून त्याची एक टणक उशी शिवली. तीच उशी कैद्याच्या डोक्याखालीं राहिली. कैद्यांना दुसरीकडे हलवितांना शिपायांनीं ती फेंकून दिली. मौंग इंग या शिष्यानें केवळ गुरूची आठवण म्हणून ती उचलून नेली, आणि कित्येक महिन्यांनीं आंतील पानें जशींच्या तशीं सांपडलीं!

नव्या तुरुंगाच्या गांवीं अ‍ॅन आजारानें खिळली. तान्ह्या मुलीस दूध मिळेना. तेव्हां पहारेकऱ्यास कांहीं देऊन जडसन बेड्यांसकट तिला घेऊन दारोदार फिरे, व लेंकुरवाळ्या ब्रह्मी स्त्रिया आपल्या मुलांबरोबर तिलाहि पाजीत. राजा ज्यास शत्रु समजत होता, त्याच्या मुलीला त्याच राजाच्या प्रजेनें जगविलें. १८२६ च्या फेब्रुवारींत तह झाला. परंतु त्याच ऑक्टोबरांत, पति परगांवीं असतां, अ‍ॅन वारली. सहा महिन्यांनीं ती मुलगीहि गेली.

जडसन त्या वेळीं मायदेशीं परतला नाहीं. पुन्हां मेजापाशीं बसून त्यानें ३१ जानेवारी १८३४ रोजीं संपूर्ण बायबलाचें भाषांतर संपविलें आणि १८४० पर्यंत तें सुधारीत राहिला. इंग्रजी-ब्रह्मी कोश १८४९ सालीं पुरा झाला. पुढच्या वर्षीं १२ एप्रिलला, प्रकृतीसाठीं सागरप्रवासास निघाला असतां, तो जहाजावरच वारला.

ज्यांच्यासाठीं तो गेला ते ब्रह्मी लोक बहुसंख्येनें बौद्धच राहिले, व आजहि आहेत. ख्रिस्ती धर्म फैलावला तो अधिककरून डोंगराळ मुलुखांतील करेन लोकांत. म्हणजे ज्यांच्याकडे आरंभीं त्याची दृष्टिहि नव्हती त्यांत. परंतु त्याचें भाषांतर त्या देशांत अद्यापि वाचलें जातें. ज्याला एका शब्दाचा शेवट ओळखण्यापासून आरंभ करावा लागला, त्याच्या हातून त्या भाषेचा कोश झाला. मिशनच्या वार्षिक वृत्तांतांत माणसांची मोजदाद होत असे. रोज सकाळीं पंतोजीपुढें बसून गिरविलेल्या शब्दांचा हिशेब मात्र कोठेंच मांडलेला नसे. सदतीस वर्षांचें काम उभें राहिलें तें त्याच शब्दांवर.