मुक्काम कुणाचा, जागा कुणाची?

आजचा प्रश्न ऐकायला साधा आहे: परक्या मुलखात माणसानं रात्र काढायची कुठं, आणि कुणाच्या परवानगीनं? तंबू ठोकून राहणं ही आता हौस झालीय. पण आपल्या कळवण-बागलाणच्या डोंगरपट्ट्यात ही गोष्ट फार जुनी आहे.

आधी शब्द बघा. 'मुक्काम' अरबीतून आला. तिथं त्याचा अर्थ उभं राहण्याची जागा. आपण पत्त्यात 'मु. पो. कळवण' लिहितो, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरालाही थांब्याचंच नाव! 'छावणी'चं उलट आहे. पावसाळ्यात लष्कर हलत नसे, छपरं घालून चार महिने एका जागी राही आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करी. तळ पडतो तो रात्री-दोन रात्रींचा. या दोन कल्पना वेगळ्या आहेत, आणि पुढचा सगळा घोळ त्या एक मानल्यामुळे झाला.

ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये शिंद्यांच्या लष्कराबरोबर हिंडत होता. त्याची पत्रं १८१३ मध्ये छापली गेली. त्यात फिरत्या शहराचं वर्णन आहे. बिनीवाला पुढं जाऊन निशाण रोवतो, मागून बाजार आपापल्या ठरल्या जागी लागतात. मुलूख कुठलाही असो, सराफ कुठं आणि वाणी कुठं हे माणसाला न विचारता कळे. कौतुक करावं असंच आहे. पण ज्याच्या शेतात हे शहर उतरे त्याच्या कडब्याचं काय होई? १६७२ मध्ये साल्हेरला मोगलांचा वेढा पडला, मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी तो मोडला. हे आपण अभिमानानं सांगतो. वेढा म्हणजे लांबलेला मुक्कामच, आणि त्याची झळ पायथ्याच्या गावांना किती बसली असेल, हे मात्र आपण विचारत नाही.

आता मेंढपाळांकडे या. साक्रीकडचे ठेलारी पावसाळा सरला की बाहेर पडतात. घोड्यावर बिऱ्हाड, बरोबर बायका-पोरं, कोंबड्या, कुत्री. पीक निघालेल्या शेतात वाडा पडतो, मेंढ्यांभोवती जाळी, म्हणजे वाघर, लागते. मेंढ्या रात्रभर तिथं बसतात आणि शेताला लेंडीखत मिळतं. त्याबद्दल शेतकरी धान्य देई, आता पैसे देतो. लक्षात घ्या, इथं मुक्काम करणाऱ्यालाच मोबदला मिळतो! कागद नाही, करार नाही, तरी दोघंही दुसऱ्या वर्षी एकमेकांची वाट बघतात. मला विचाराल तर लष्करी तळापेक्षा ही व्यवस्था कितीतरी सुसंस्कृत.

तिसरा प्रकार तुमच्या डोळ्यांसमोरचा. चैत्रात सप्तशृंगगडाकडे खानदेशातून पायी येणारी माणसं. रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत यात्रा, चतुर्दशीच्या रात्री दरेगावचे गवळी-पाटील शिखरावर कीर्तिध्वज लावतात. ऊन असं की चालायचं पहाटे नाहीतर रात्री, दुपारी झाडाखाली पडायचं. शाळेचा ओटा, देऊळ, कुणाचं खळं, जिथं जागा तिथं पथारी. देवी माहेरची मानली की माहेरच्या माणसाला ओटा नाकारणार कोण?

मग हे बिघडलं कधी? १८७८ च्या वन कायद्यानं राखीव जंगल आखलं. १९२७ च्या कायद्याच्या २६ व्या कलमानं तिथं विनापरवाना गुरं चारणं, विस्तव पेटवणं गुन्हा ठरला. विस्तव नाही तर भाकरी नाही, आणि भाकरी नाही तर मुक्काम कसला? दुसरीकडे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्ये देशभर लागू करण्याची सोय झाली. काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवून त्यांच्या हिंडण्या-थांबण्याची पोलिसात नोंद होऊ लागली. कायदा १९५२ मध्ये गेला. गावाबाहेर पालं दिसली की फोन फिरवण्याची सवय गेली नाही. त्याच सरकारचा कलेक्टर मात्र हिवाळ्यात तंबू घेऊन महालोमहाल फिरे, आणि त्याला 'कॅम्प' म्हणत!

कांटनं १७९५ मध्ये, म्हणजे आपल्याकडे खर्ड्याची लढाई झाली त्या साली, एक बारीक भेद केला. परक्या माणसाला पाहुणा म्हणून राहून घेण्याचा हक्क नाही, पण येण्याचा हक्क आहे. पृथ्वी गोल आहे, माणसं अनंत पांगू शकत नाहीत, एकमेकांना सोसावंच लागतं. कांट कोनिग्सबर्गबाहेर फारसा गेला नाही, हे सोडून द्या. अमेरिकेच्या पश्चिमेकडील उंच, कोरड्या सरकारी जमिनीवर हाच भेद दिवसांत मोजतात: साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवस कुठंही उतरा, मग पुढं सरका. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात भटक्या आणि पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा हक्क लिहिलेला आहे. लिहिलेला आहे, एवढंच आत्ता म्हणतो.

साल्हेर २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. गडावर गंगासागर तलाव आहे, जवळच्या गुहांत ट्रेकर मंडळी मुक्काम करत आली आहेत. आता पर्यटक वाढतील, मुक्कामाच्या जागा आखल्या जातील, नियम येतील. यायलाही हवेत, कारण प्लास्टिक आणि चुलीची राख मागं कोण ठेवून जातं ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्या आखणीच्या बैठकीत वाघर लावणाऱ्याला कुणी बोलावणार आहे का, हे कळवण आणि सटाण्याच्या लोकांनी आत्ताच विचारायला हवं. बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.