गुरांचा ट्रक आणि अर्धी करुणा

बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखाना कामगारांचा आठवडा ४८ तासांवर आला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकांनाही तीच मर्यादा दिली. पण मुळात पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांपुरतीच. एकट्यादुकट्या ट्रकवरचा चालक बाहेरच राहिला.

गुरांसाठी १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. साध्या मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरे नकोत, हा १९७८ चा नियम. योग्यच आहे. पण जादा गुरे भरतो व्यापारी, घाई करतो मालक आणि रस्त्यात मार खातो चालक. ज्याला स्वतःला थांबायची मुभा नाही, तो गुरांना पाणी कधी पाजणार?

बुद्धाची करुणा अशी वाटणी करत नाही. चालकाचे तास मोजा. गुरांचे हालही कमी होतील.