नागली : सुधारित लागवड आणि मळणी यंत्रातून वर्षभराची भाकर

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नागली हे भाकरीचे महत्त्वाचे पीक आहे. पाऊस भरपूर पडतो, पण चार महिन्यांत वाहून जातो. रब्बीला पाणी नसल्याने अनेक कुटुंबांचे वर्षाचे धान्य याच हंगामावर ठरते. घरातले धान्य संपले की दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जावे लागते.

पाच माणसांच्या घरात रोज दीड किलो नागली लागते असे धरले, तर एक क्विंटल धान्य सुमारे ६६ दिवस पुरते. म्हणजे उत्पादनात दोन क्विंटलची वाढ झाली, तर चार महिन्यांहून अधिक काळाची भाकर घरात येते. रेशनवर तांदूळ आणि गहू मिळतो, पण नागलीच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते जेमतेम १० मिलिग्रॅम. गरोदर माता व लहान मुलांसाठी हा फरक मोठा आहे.

रोपवाटिका

- राब भाजण्याऐवजी एक मीटर रुंदीचे गादीवाफे करून त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. फांद्या तोडण्याचे आणि पालापाचोळा वाहण्याचे कष्ट वाचतात. मात्र राब न भाजल्याने तण जास्त उगवते, म्हणून वाफ्यात वेळेवर खुरपणी करावी.
- एकरासाठी साधारण दोन किलो बियाणे पुरते. बी फोकून न टाकता ओळीत पेरावे.
- फुले नाचणी, फुले कासारी, दापोली १ या सुधारित जाती आहेत. माथ्यावरच्या उथळ जमिनीत ओल लवकर संपते, तेथे लवकर तयार होणारी जात निवडावी.

पुनर्लागवड

- रोपे २५ ते ३० दिवसांची असताना लावावीत.
- रोपे विस्कटून टाकू नयेत. दोन ओळींत २२.५ सेंमी व दोन रोपांत १० सेंमी अंतर ठेवून एका जागी दोन रोपे लावावीत. ओळी उताराला आडव्या घ्याव्यात. माती व खत वाहून जाणे कमी होते.
- शिफारस हेक्टरी ६०:३०:३० किलो नत्र, स्फुरद व पालाश अशी आहे. एकरी हिशेब सुमारे ५२ किलो युरिया, ७५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश असा येतो. निम्मा युरिया लागवडीवेळी व उरलेला ३० दिवसांनी, खुरपणीनंतर द्यावा. जादा युरिया दिल्यास करपा वाढतो.

काढणी व मळणी

कणसे तपकिरी झाली की कापून दोन-तीन दिवस उन्हात वाळवावीत. काठीने बडवणे, पाखडणे ही कामे बहुतांशी महिलांवर पडतात आणि त्यात कित्येक दिवस जातात. येथे लहान मळणी यंत्राचा सर्वांत जास्त उपयोग होतो. एका कुटुंबाने ते विकत घेणे परवडत नाही, म्हणून शेतकरी गट किंवा महिला बचत गटाने घेऊन भाड्याने फिरवावे. अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा व तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी.

नागली मळल्यावर थेट दळता येते. वरईचे मात्र टरफल काढावे लागते. ज्या गावात वरईही पिकते, तेथे मळणी यंत्रानंतर टरफल काढण्याचे लहान यंत्र घ्यावे. ते नसल्यास अनेकदा वरई न सडताच व्यापाऱ्याला जाते आणि घरी खायला उरत नाही.

आधी घरचे, मग विक्रीचे

दाणे १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून कोरड्या कणगीत किंवा पत्र्याच्या कोठीत भरावेत. वर्षाचे धान्य व पुढच्या हंगामाचे बी बाजूला काढून उरलेलेच विकावे. २०२५-२६ साठी नागलीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ४,८८६ रुपये आहे. जवळ खरेदी केंद्र आहे का, याची चौकशी आदिवासी विकास महामंडळाच्या कार्यालयात करावी.

सहायक कृषी अधिकारी व कार्यकर्त्यांसाठी

प्रात्यक्षिक रस्त्यालगतच्या चांगल्या जमिनीवर न घेता उताराच्या हलक्या जमिनीवर घ्यावे. नोंदवहीत एकरी उत्पादनाबरोबर आणखी दोन गोष्टी लिहाव्यात : घरात नागली कोणत्या महिन्यापर्यंत पुरली आणि मळणीचे किती दिवस वाचले. उत्पादन वाढूनही धान्य पूर्वीच्याच महिन्यात संपत असेल, तर ते काढणीनंतर लगेच, बहुधा देणे फेडण्यासाठी, विकले गेले असे समजावे. अशा गावात नवे बियाणे देण्याआधी गटाची बचत व धान्यकोठी उभी करण्याकडे लक्ष द्यावे.