मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज

(एमएमपी). पेशींभोवतीच्या आधारद्रव्यातील कोलॅजेन, इलॅस्टिन, फायब्रोनेक्टिन इ. प्रथिने तोडणाऱ्या एंझाइमांचे कुल. मानवात २३ प्रकार. जखम भरणे, हाडांची वाढ यांसाठी आवश्यक. हिरड्यांचे विकार, संधिवात व कर्करोगाचा फैलाव यांत अपायकारक.

शोध : जेरोम ग्रॉस व चार्ल्स लापिएर, १९६२. बेडकाच्या डिंभाच्या शेपटीचे तुकडे कोलॅजेनच्या जेलवर ठेवले असता भोवतीचे जेल विरघळले.

गुणधर्म : क्रियास्थानी जस्ताचा अणू असतो, तो तीन हिस्टिडिनांनी धरलेला असतो. रचना टिकण्यास कॅल्शियम लागते. बहुतेकांचे कार्य उदासीन सामूला उत्तम चालते. कोलॅजेनचा तिपेडी गोफ (त्याची रचना मद्रासला गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कार्था यांनी मांडली) सामान्य प्रथिनविघटकांना दाद देत नाही. एमएमपी-१, ८ व १३ तो एका ठरावीक जागी तोडतात. पाऊण व पाव लांबीचे दोन तुकडे पडतात. शरीराच्या तापमानाला हे तुकडे आपोआप उलगडतात व पुढचे काम एमएमपी-२ आणि ९ (जिलेटिनेज) करतात.

सक्रियण : पेशी ही एंझाइमे बहुधा निष्क्रिय रूपात स्रवते. पुढच्या टोकाच्या सुमारे ८० ॲमिनो अम्लांच्या भागातील सिस्टीनचे गंधक जस्ताला चिकटलेले असते, त्यामुळे पाण्याच्या रेणूला तेथे जागा मिळत नाही. हा बंध सुटला की एंझाइम जागे होते. १९९० मध्ये मांडलेली ही ‘सिस्टीन स्विच’ संकल्पना आजही ग्राह्य आहे. बंध सोडवण्याचे काम प्लाझमिन किंवा दुसरे एखादे एमएमपी करते, प्रयोगशाळेत पाऱ्याचे सेंद्रिय संयुग. पेशीपटलावरील एमएमपी-१४ मात्र पेशीच्या आतच फ्युरिनकडून सक्रिय होऊन बाहेर येते आणि एमएमपी-२ ला जागे करते. या कामी टिम्प-२ हे रोधक प्रथिन दुवा ठरते. ते माफक असेल तर सक्रियण वाढते, फार झाले तर थांबते.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात गोपाल कुंडू यांच्या गटाने २००१ मध्ये उंदराच्या मेलॅनोमा पेशींवर दाखवले की, ऑस्टिओपाँटिन हे प्रथिन एनएफ-कप्पा-बी मार्गाने एमएमपी-१४ वाढवते व त्यातून एमएमपी-२ सक्रिय होते. एमएमपी-९ विषयीचे त्यांचे काम २००४ मधील. मोजमापात निव्वळ प्रमाणापेक्षा सक्रिय अंश महत्त्वाचा, हे अशा कामांतून ठसते. रुग्णांवरील बऱ्याच अहवालांत तो वेगळा दिलेला नसतो.

झायमोग्राफी : नमुना जिलेटिन मिसळलेल्या जेलमधून विद्युत्‌प्रवाहाने सरकवतात, त्यातील एसडीएस हा अपमार्जक धुऊन काढून जेल कॅल्शियमयुक्त द्रावणात ३७° से. ला ठेवतात व निळ्या रंगात बुडवतात. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरे पट्टे उमटतात. एमएमपी-९ चा निष्क्रिय पट्टा ९२, एमएमपी-२ चा ७२ किलोडाल्टनला. सक्रिय रूपे त्यांच्या खाली. एसडीएसमुळे स्विच उघडत असल्याने निष्क्रिय रूपही पट्टा देते. नवख्याची फसगत होते ती इथेच.

मुखातील तंतुमयता : सुपारी-गुटख्याच्या सवयीने गालाची अंतस्त्वचा ताठ होते, तोंड उघडत नाही. शासकीय दंत महाविद्यालयांत येणारा हा ओळखीचा विकार. येथे दोष उलटा : विघटन कमी पडते व कोलॅजेन साचते. सुपारीतील तांबे लायसिल ऑक्सिडेजला चालना देते. त्याने जोडलेले धागे एंझाइमांना सहजी तुटत नाहीत. टिम्प-१ वाढल्याचे अनेक अभ्यास सांगतात. एमएमपी-२ व ९ बाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. उपचारात हायल्युरोनिडेजची इंजेक्शने देतात. ते एमएमपी नव्हे, ते कोलॅजेन तोडत नाही. महाराष्ट्रात गुटखाबंदी जुलै २०१२ पासून; सुट्या सुपारीला ती लागू नाही.

रोधके : शरीरात टिम्प १ ते ४. हिरड्यांच्या विकारात डॉक्सिसायक्लिन २० मिग्रॅ. दिवसातून दोनदा, ही मात्रा जंतुनाशक नसते. कर्करोगावरील मारिमास्टॅट चाचण्यांत अपयशी ठरले. सांधेदुखी हा मुख्य दुष्परिणाम.

वनस्पतींतील एमएमपी : ज्ञात, कार्य अंशतः स्पष्ट.