चंडीगडचे सात रस्ते

मराठीत वाटेला एकच नाव नाही. राजरस्ता, हमरस्ता, आळी, गल्ली, बोळ, शेताकडची पाणंद, डोंगरावरची पायवाट. नाव उच्चारताच तेथून गाडी जाईल की मुले विटीदांडू खेळतील, हे उमगते. हा भेद कोणी आखून दिला नव्हता, वहिवाटीने तो ठरत गेला. आपण घरदार सोडून ज्या नगरीत स्थायिक झालो, तेथे मात्र तो नगर वसण्याआधीच कागदावर उतरला होता. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्या आखणीचा इतिहास पाहणे अप्रस्तुत होऊ नये. कारण सायंकाळी आपल्या फाटकासमोर परक्याची मोटार उभी असते, या नित्याच्या तक्रारीचे मूळ त्याच इतिहासात आहे.

फाळणीत लाहोर गेले आणि पूर्व पंजाबला नवी राजधानी हवी झाली. पहिला आराखडा अमेरिकेतील नियोजक आल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी केला. १९५० साली नोविकी विमान अपघातात मृत्यू पावले आणि पुढल्या वर्षी हे काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. मेयर यांचे वळणदार रस्ते बरेचसे सरळ झाले, आणि सुमारे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब असा सेक्टर हा नगराचा घटक ठरला.

रस्त्यांचे त्यांनी सात दर्जे केले. मार्ग या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचे आद्याक्षर घेऊन त्यांना व्ही-१ ते व्ही-७ अशी नावे दिली. बाहेरगावाहून येणारा तो व्ही-१. मध्य मार्ग, जन मार्ग हे व्ही-२. सेक्टरांना वेढणारा, वेगवान वाहनांचा तो व्ही-३. सेक्टरच्या पोटातून जाणारा बाजाराचा रस्ता व्ही-४. त्यावर दुकाने एकाच बाजूला, गिऱ्हाइकाला सावली मिळावी म्हणून. व्ही-५ सेक्टरच्या आत फिरतो, व्ही-६ घराच्या दारापर्यंत पोहोचतो, आणि हिरव्या पट्ट्यातून पायी जाणाऱ्यांची वाट ती व्ही-७. सायकलींसाठी आठवी वाट पुढे जोडण्यात आली.

या साऱ्या रचनेची किल्ली एका नियमात आहे: व्ही-३ वर कोणत्याही घराचे दार उघडावयाचे नाही. वेग बाहेर राहील आणि बिऱ्हाड आत. सेक्टरात शिरण्याच्या वाटा मोजक्याच ठेवल्या, त्यामुळे ज्याला आत काम नाही त्याला आत येण्याचे कारणही उरत नाही. पुण्याच्या पेठांतून आलेल्या माणसाला हे प्रथम उदासवाणे वाटते. बाहेरून पाहावे तर भिंती आणि झाडे, आतल्या रस्त्यांना नावे नाहीत, पत्ता म्हणजे सेक्टर आणि घराचा क्रमांक! पण लेकरू एकटे शाळेत जाऊ लागले की या नियमाचे मोल कळते.

मात्र दर्जा रस्त्याला दिला तरी गर्दी ठरते ती घरावरून. नगराचा हिशेब पाच लाख वस्तीचा होता. पहिल्या ३० सेक्टरांत दीड लाख माणसे राहतील असे धरले होते. २०११ च्या जनगणनेत चंडीगडची लोकसंख्या साडेदहा लाखांवर गेली. दरम्यान जुन्या सेक्टरांतील एका कुटुंबाच्या घरांवर बांधकाम व्यावसायिकांची नजर गेली. २००१ साली घरांच्या सदनिका करण्याला नियमांनी मुभा दिली. विरोध झाल्यावर २००७ साली ते नियम मागे घेण्यात आले. तरीही मालकीचे हिस्से विकून एकेक मजला एकेका कुटुंबाला देण्याचा मार्ग निघालाच. एका घराची तीन घरे झाली, व्ही-६ ची रुंदी मात्र होती तेवढीच राहिली.

सेक्टर १० मधील रहिवाशांच्या संघटनेने हा प्रश्न न्यायालयात नेला. उच्च न्यायालयात त्यांना यश आले नाही. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या ३० सेक्टरांत घरांच्या अशा सदनिका करण्यास प्रतिबंध केला, आणि तेथे दाट वस्ती होऊ द्यावी की नाही याचा विचार प्रथम वारसा समितीने करावा, असे सांगितले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई अमरावतीचे, हे वाचकांना ठाऊक असेलच.

रहिवाशांचा हा विजय मला न्याय्य वाटतो. पण त्यात एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. जुन्या सेक्टरांची शांतता जपताना, ज्यांना तेथे घर घेणे कधीच परवडले नाही ती कुटुंबे आणखी दूर जातात, आणि मग तीच माणसे मोटारीने नाहीतर मोटारसायकलीने रोज व्ही-२, व्ही-३ वर येतात. शिवाय आपण तरी कोठे निर्दोष आहोत? आमच्या घरी पूर्वी एक स्कूटर होती. आज दोन मोटारी आहेत, आणि त्यांतली एक रात्रभर व्ही-६ वरच उभी असते.

आता सर्वांत कठीण झाले आहे ते व्ही-७ वरून चालणे. हिरवा पट्टा सेक्टरच्या कडेला संपतो, पुढे व्ही-३ आडवा येतो, आणि पलीकडच्या सेक्टरातील पट्टा समोर दिसत असूनही तेथवर पोहोचणे म्हाताऱ्या माणसाला जिकिरीचे होते. मंडळाच्या कार्यक्रमांना पूर्वी पायी येणारी काही ज्येष्ठ मंडळी हल्ली कोणीतरी मोटारीने सोडील तेव्हाच येतात.