चाचपडणारा तरुण खेळाडू सोडायचा की ठेवायचा? बेसबॉलच्या इतिहासातले काही निर्णय

दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात माझं काम पूर्ण अडकलं होतं. झिंक ऑक्साइडच्या पातळ थरावर गॅस सेन्सर बनवायचा, हा विषय. आज आलेलं रीडिंग उद्या येत नव्हतं. शेवटी मॅडमनी सरळ विचारलं, "अजून सहा महिने द्यायचे, की विषय बदलायचा? तुला काय वाटतं?" मला उत्तर देता आलं नाही, कारण 'वाटण्या'पलीकडे माझ्याकडे काहीच नव्हतं.

त्याच दिवसांत सांख्यिकीचा सराव म्हणून मी अमेरिकन बेसबॉलचे जुने आकडे चाळत होते. तिथे हाच प्रश्न दर हंगामात येतो. एक तरुण खेळाडू आहे. त्याच्याकडून मोठ्या आशा आहेत, पण खेळ काही जमत नाहीये. त्याला दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात तयार खेळाडू घ्यायचा, की थांबायचं? अशा निर्णयांची शंभर वर्षांहून जास्त काळाची नोंद उपलब्ध आहे. म्हणून संशोधनाकडे वळणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी आज हा विषय घेतेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. बेसबॉलमध्ये आयपीएलच्या लिलावासारखी बोली लागत नाही. संघ एकमेकांशी खेळाडूंची थेट अदलाबदल करतात, त्याला ट्रेड म्हणतात. १९७५ पर्यंत तर करारातल्या राखीव कलमामुळे खेळाडू संघाला बांधलेलाच असायचा. संघाने पाठवलं तिकडे जायचं, त्याला विचारायचा प्रश्नच नव्हता. बॅटरची सरासरी म्हणजे दर संधीमागे किती हिट. ०.२५० ही साधारण कामगिरी आणि ०.३०० म्हणजे उत्तम. पिचरसाठी दर नऊ डावांमागे त्याच्या नावावर किती धावा लागल्या ते बघतात. तो आकडा जितका कमी तितकं चांगलं. एवढं पुरे.

पहिलं प्रकरण सगळ्यात गाजलेलं. १५ जून १९६४ ला शिकागो कब्जने लू ब्रॉक हा आउटफिल्डर सेंट लुइस कार्डिनल्सला दिला आणि बदल्यात एर्नी ब्रॉग्लिओ हा पिचर घेतला. दोन्हीकडून आणखी दोन-दोन खेळाडू होते, पण सौदा या दोघांचाच. ब्रॉक पंचविशीला आला होता. त्याची सरासरी १९६२ मध्ये ०.२६३, १९६३ मध्ये ०.२५८ आणि त्या हंगामात ०.२५१. म्हणजे तीन वर्षं हळूहळू घसरण. उलट ब्रॉग्लिओने आदल्याच वर्षी १८ सामने जिंकले होते, हरले फक्त ८. शिकागोतल्या वर्तमानपत्रांनी सौद्याचं स्वागत केलं. कार्डिनल्सच्या काही खेळाडूंनाच आपण फसलो असं वाटत होतं.

पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. उरलेल्या १०३ सामन्यांत ब्रॉकने ०.३४८ च्या सरासरीने हिट मारले आणि कार्डिनल्सने त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. निवृत्त होताना त्याच्या नावावर ३,०२३ हिट आणि ९३८ चोरलेले बेस होते. १९८५ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. ब्रॉग्लिओ कब्जसाठी जेमतेम ७ सामने जिंकला आणि १९ हरला. त्याचा कोपर दुखावलेला होता, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली.

इथे बहुतेक लेख थांबतात: "किती मूर्ख निर्णय!" पण आपण विज्ञानाचे विद्यार्थी, आपण इथे थांबायचं नाही. प्रश्न असा विचारायचा की १५ जूनच्या सकाळी कब्जच्या टेबलावर कोणता पुरावा होता?

आकडे करून बघा. त्या हंगामात ब्रॉकला २१५ संधी मिळाल्या होत्या. ०.२५० च्या आसपासच्या सरासरीत २१५ संधींमागे प्रमाण त्रुटी येते साधारण ०.०३. म्हणजे खरी क्षमता ०.१९ पासून ०.३१ पर्यंत कुठेही असू शकते. एवढ्या नमुन्यावरून काहीच ठरवता येत नाही. मला आधी वाटलं, झालं, उत्तर मिळालं: कब्जने लहान नमुन्यावर विश्वास ठेवला. पण मग मी कब्जकडची त्याची सगळी वर्षं एकत्र केली. सुमारे १,२०० संधी, सरासरी ०.२५७, आणि त्रुटी उतरते साधारण ०.०१३ वर. या हिशोबाने वरची मर्यादा ०.२८ च्या आसपास येते. ब्रॉकची संपूर्ण कारकिर्दीची सरासरी मात्र ०.२९३ आहे, आणि त्यात कब्जची वर्षंही धरलेली आहेत. म्हणजे केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. सौद्यानंतर काहीतरी खरोखर बदललं होतं.

काय बदललं? शिकागोत ब्रॉकला उजव्या मैदानात उभं करायचे. तिथे उन्हात चेंडू दिसायला त्रास व्हायचा. कब्जने तेव्हा एकच मॅनेजर न ठेवता प्रशिक्षकांचं मंडळ नेमलेलं, त्यामुळे सूचना देणारेही अनेक. सेंट लुइसमध्ये जॉनी कीन या मॅनेजरने त्याला डाव्या मैदानात हलवलं आणि बेस चोरायची मोकळीक दिली. त्याची ताकद होती वेगात, आणि वेग वापरायची परवानगी त्याला आता मिळाली. कब्जचे आकडे बरोबरच होते. फक्त ते 'ब्रॉक'चं मोजमाप नव्हतं, 'त्या परिस्थितीतल्या ब्रॉक'चं होतं. हा फरक प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाने मनात कोरून ठेवावा.

दुसरं प्रकरण नोलन रायनचं. १० डिसेंबर १९७१ ला न्यूयॉर्क मेट्सने त्याला आणखी तीन खेळाडूंसोबत कॅलिफोर्निया एंजल्सला दिलं आणि जिम फ्रेगोसी घेतला. फ्रेगोसी सहा वेळचा ऑल-स्टार. रायन २४ वर्षांचा. त्या हंगामात १० विजय, १४ पराभव, आणि १५२ डावांत ११६ वॉक. वॉक म्हणजे चार चेंडू बाहेर टाकले की बॅटरला फुकट पहिला बेस, आपल्या वाइडचा थोरला भाऊ म्हणा. चेंडू तुफान वेगवान, पण कुठे जाईल याची खात्री नाही. शिवाय लष्कराच्या राखीव दलातल्या ड्यूटीमुळे त्याला नियमित खेळायलाही मिळत नव्हतं.

पुढच्याच वर्षी रायनने ३२९ स्ट्राइकआउट घेतले आणि दर नऊ डावांमागे जेमतेम २.२८ धावा दिल्या. कारकिर्दीत ५,७१४ स्ट्राइकआउट, हा आजही विक्रम आहे. फ्रेगोसी मेट्सकडे दीड हंगामही टिकला नाही.

आता गंमत बघा. १९७२ मध्ये रायनने १५७ वॉक दिले, त्याच्या लीगमध्ये सगळ्यात जास्त! कारकिर्दीत सर्वाधिक वॉक देण्याचा विक्रमही त्याचाच. म्हणजे मेट्सना खुपत असलेला दोष गेलाच नाही. नियमित खेळायला मिळाल्यावर गुण त्या दोषाला पुरून उरला. मेट्सनी दोष अचूक मोजला, पण अंतिम निकालात त्याचं वजन किती, हे चुकीचं धरलं.

दोन प्रकरणं वाचून "तरुण खेळाडू कधीच सोडू नये" असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. म्हणून तिसरं प्रकरण. १९८७ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट टायगर्सने जॉन स्मोल्ट्झ हा २० वर्षांचा पिचर अटलांटा ब्रेव्हजला दिला. मिशिगनचाच मुलगा, पण मायनर लीगमध्ये त्याचे ४ विजय, १० पराभव, आणि दर नऊ डावांमागे ५.६८ धावा. बदल्यात आला ३६ वर्षांचा डॉइल अलेक्झांडर. त्याने उरलेल्या हंगामात ९ सामने जिंकले, एकही हरला नाही. टायगर्स ९८ विजयांसह विभागात पहिले, टोरोंटो ९६ वर. अलेक्झांडर नसता तर टायगर्स पहिले आले नसते, असं म्हणायला बराच आधार आहे. पुढच्या फेरीत मात्र ते मिनेसोटाकडून हरले. स्मोल्ट्झने पुढे २१३ सामने जिंकले आणि २०१५ मध्ये तोही हॉल ऑफ फेममध्ये गेला.

मग हा निर्णय चुकला का? टायगर्सना त्या ऑगस्टमध्ये हवं होतं तेच मिळालं. वीस वर्षांच्या हिशोबात तोटा, दोन महिन्यांच्या हिशोबात फायदा. तुमचा काळाचा पट्टा कोणता, हे आधी सांगितल्याशिवाय 'बरोबर-चूक' या शब्दांना अर्थ उरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ही तिन्ही प्रकरणं मी निवडली कशी? ती प्रसिद्ध आहेत म्हणून. आणि प्रसिद्ध का? तर खेळाडू सोडला आणि तो चमकला म्हणून. कागदावर चार खाने काढा: सोडला–चमकला, सोडला–विझला, ठेवला–चमकला, ठेवला–विझला. माझी तिन्ही उदाहरणं एकाच खान्यातली आहेत! असा नमुना घेऊन कुणी प्रबंध लिहिला तर परीक्षक पहिल्याच पानावर लाल पेन काढतील.

बाकीचे खाने भरू. माइक श्मिट: १९७३ मध्ये फिलाडेल्फियासाठी सरासरी फक्त ०.१९६. संघाने ठेवला. पुढच्याच वर्षी ३६ होम रन मारून लीगमध्ये पहिला, आणि कारकिर्दीत एकूण ५४८. हा झाला 'ठेवला–चमकला'. ब्रँडन वुड: २००५ मध्ये मायनर लीगमध्ये ४३ होम रन, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. एंजल्सने त्याला २०११ पर्यंत ठेवलं, आणि मोठ्या लीगमधली त्याची सरासरी राहिली ०.१८६. हा 'ठेवला–विझला'. चौथा खाना, 'सोडला–विझला', सगळ्यात मोठा असणार, पण त्याच्यावर कुणी लेख लिहीत नाही. सोडलेला खेळाडू विझला की तो सौदा कुणाच्या लक्षातच राहत नाही. इतिहास वाचताना ही रिकामी जागा दिसायला शिकणं म्हणजे निम्मं संशोधन.

मग सोडायचा की ठेवायचा? माझं मत असं. 'जमत नाहीये' एवढं एकच कारण असेल तर सोडू नये. कारण खेळाडू चाचपडत असतो तेव्हाच त्याची किंमत सगळ्यात कमी असते, म्हणजे आपण पडत्या भावात विकतो. सोडायचाच असेल तर तीन प्रश्नांची उत्तरं लिहून काढावीत. अपयश क्षमतेचं आहे की परिस्थितीचं? बदल्यात येणारी गोष्ट आपल्याला नेमकी किती काळासाठी हवी आहे? आणि समोरचा ती द्यायला का तयार आहे? तिसरा प्रश्न कब्जनी नीट विचारला असता, तर ब्रॉग्लिओच्या कोपरापर्यंत कदाचित पोचले असते.

गंमत म्हणजे हेच कब्ज २०१३ मध्ये सौद्याच्या दुसऱ्या बाजूला होते. बाल्टिमोरमध्ये धडपडणारा जेक अरिएटा त्यांनी घेतला. दोन वर्षांत तो साय यंग पुरस्कार जिंकला आणि २०१६ च्या विजेत्या संघात होता. शिकायला पन्नास वर्षं लागली, पण शिकले!

मॅडमना मी पुढच्या आठवड्यात एक पानभर लिहून दिलं. रीडिंग बिघडतात ती बहुतेक दमट दिवसांत. तेव्हा दोष पदार्थाचा की हवेचा हे आधी ठरवू, कोरड्या बंद चेंबरमध्ये मोजू, चार महिन्यांची मुदत, आणि कोणता आकडा आला तर विषय सोडायचा हेही आधीच लिहिलं. दोन नमुन्यांपैकी एक तरला. दुसरा तिथेही चालला नाही, तो सोडला. वाईट वाटलं, पण ते पान फाइलमध्ये आहे. उद्या तो दुसरा नमुना कुणाच्या तरी हातात चमकला, तरी मला माहीत असेल की त्या दिवशी माझ्याकडे काय होतं आणि काय नव्हतं.

तुम्हीही असं पान लिहा. तारीख टाकायला विसरू नका.