भादलीच्या अंजलीताई आणि बायकांची राखीव जागा

महिला राखीव म्हटलं की आपल्याला सोडत आठवते आणि मग घराघरातली कागदपत्रांची धावपळ. आज आम्ही अशाच एका राखीव जागेची हकिकत सांगणार आहोत. गाव भादली बुद्रुक, तालुका जळगाव.

२०२० सालच्या डिसेंबरात ग्रामपंचायतीचे अर्ज भरले जात होते. अंजली पाटील यांनी महिलांसाठी असलेल्या जागेवर अर्ज भरला. अंजलीताई तृतीयपंथी. छाननीत अर्ज बाद झाला, महिलांच्या जागेवर तुम्हाला उभं राहता येणार नाही म्हणून. त्या थेट उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अर्ज स्वीकारायला सांगितलं. मात्र एक गोष्ट पक्की करून घेतली, की आज बाई म्हणून उभ्या राहिलात तर उद्या फायद्यासाठी पुरुष म्हणून अर्ज करायचा नाही. अंजलीताईंनी ते कबूल केलं आणि त्याच महिन्यात त्या निवडूनही आल्या.

आपल्याला वाटतं हे सगळं आत्ताचं आहे. तसं नाही. मराठेशाहीत आपल्या या दख्खनमध्ये हिजड्यांना सनदा होत्या. काहींना थोडी जमीन, काहींना रोख रक्कम, आणि शेतकऱ्यांकडून मागून घ्यायचा हक्क. पाटील-कुलकर्ण्यांचं वतन असतं ना, त्याच जातीचा हा कागद. पुढे इंग्रज आले. त्यांच्या साहेबांना हे लाजिरवाणं वाटलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई सरकारनं ते हक्क मानायचं सोडलं. कालपर्यंत जे सनदेनं मिळत होतं, त्याला मग भीक म्हणू लागले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं तर उत्तरेकडच्या प्रांतांत त्यांची पोलीस नोंदवही सुरू केली. नोंद झालेल्यानं बायकी कपड्यात चारचौघांत दिसलं किंवा नाचलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. मूल दत्तक घेता येईना, मृत्युपत्रही करता येईना. आज पुणे-दौंड गाडीत कुणी टाळी वाजवली की आपण खिडकीबाहेर बघतो, पण त्या टाळीमागे एवढं सगळं आहे.

मग डॉक्टरांचा प्रश्न येतो. बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे नोकरीत महिला म्हणून लागले होते. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती नाकारली गेली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. शेवटी परवानगी मिळाली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. त्यांना ती हवी होती. पण सगळ्यांनाच हवी असते असं नाही, आणि परवडतेच असंही नाही. म्हणून १५ एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आम्हाला मोठा वाटतो. आपण कोण हे माणसानं स्वतः सांगायचं, त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती नको, असं त्यात म्हटलं आहे. त्या खटल्यात आपल्या महाराष्ट्रातल्या गौरी सावंतही होत्या.

केडगावकरणींना हे परकं वाटू नये. ज्यांनी इथं मुक्ती मिशन उभं केलं त्या पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात हंटर आयोगापुढे सांगितलं होतं, की बायकांना बायका डॉक्टर हव्यात. पुरुष डॉक्टरपुढे दुखणं बोलता येत नाही म्हणून बायका मरत होत्या. आपल्या शरीराबद्दल कुणापुढे काय बोलायचं, हा प्रश्न तेव्हाही होताच.

आमच्या गटाच्या बैठकीत ही गोष्ट सांगितली तेव्हा एकीनं विचारलं, "मग आपल्या बायकांची जागा गेली की!" प्रश्न रास्त आहे, हसण्यावारी नेऊ नका. आरक्षण बायकांना झगडून मिळालंय. पण भादलीत ती जागा कुणी चिठ्ठीनं दिली नाही, गावानं मतं दिली, त्यात बायकांचीही मतं होती. आणि जागा जाण्याचंच म्हणाल, तर राखीव खुर्चीमागं बसून सही कुठं करायची ते सांगणारे सरपंचपती आपण किती पाहिलेत? त्यांचा अर्ज छाननीत कधी बाद झाल्याचं आम्ही तरी ऐकलेलं नाही.